सात सह्यांच्या आधी झोपायच्या जागेचं बघा

तुमचा प्रश्न असा आहे. दादरच्या एका रेस्टॉरंटात तुम्ही कॅप्टन आहात, स्टाफ २४ जणांचा. सकाळी ११ ते दुपारी ४ आणि संध्याकाळी साडेसहा ते रात्री साडेबारा अशी ब्रेक शिफ्ट. आठवड्याची सुट्टी नाही. घेतली तर खाडा धरून पगार कापतात. फ्रायरवरच्या हेल्परचा हात भाजला तर त्याचेही दहा दिवस कापले. बिलावर सर्व्हिस चार्ज लागतो, पण स्टाफपर्यंत त्यातला रुपया येत नाही. चौदा जण मालकाने दिलेल्या खोलीत राहतात. तुम्ही विचारता, सात जणांच्या सह्यांवर युनियन निघते हे खरं का, आणि काढली तर मालक दुसऱ्या दिवशी घरी पाठवेल का?

सात जणांचं खरं आहे. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात ते होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर यांतला कमी आकडा सभासद म्हणून लागतो, आणि सातपेक्षा कमी चालत नाहीत. तुमच्या २४ मध्ये सात म्हणजे अट पुरी झाली. आणि हो, काढून टाकायचा प्रयत्न बहुतेक होईलच. पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात काळजीची वाटली ती ओळ चौदा जणांच्या खोलीची आहे. ती तुम्ही सहज लिहून गेलात. तुमचं सगळं गणित तिथे अडकलेलं आहे.

मी सतराव्या वर्षी फोर्टातल्या एका हॉटेलात फडका मारायला लागलो, पुढे वेटर झालो. गेली बावीस वर्षं हॉटेल कामगारांमध्ये युनियनचं काम करतो. सुरुवातीला मीही तुमच्यासारखाच सह्यांच्या मागे होतो. अंधेरीच्या एका हॉटेलात अठरा जणांच्या सह्या घेतल्या, युनियनच्या लेटरहेडवर मागण्यांचं पत्र दिलं. पत्र दुपारी गेलं. त्या रात्री एक वाजता मुलं खोलीवर पोचली तर दाराला नवं कुलूप, आणि जिन्यात पेट्या आणि वळकट्या. अकरा जण होते. पावसाळ्याचे दिवस. दोन रात्री त्यांनी स्टेशनबाहेर काढल्या, तिसऱ्या दिवशी नऊ जणांनी ‘आमचा युनियनशी संबंध नाही’ असं लिहून दिलं. मी त्यांना कधीच दोष दिला नाही. चूक माझी होती. नोकरी गेली तर माणूस उद्या दुसरी बघतो, पण छप्पर गेलं तर आज रात्रीचं काय, हा प्रश्न मी त्यांना आधी विचारलाच नव्हता.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा गिरणी कामगार महिनोन्‌महिने टिकला, त्यामागे मोठं कारण होतं की त्याची चाळीतली खोली मालकाच्या ताब्यात नव्हती आणि खाणावळवाली उधारीवर जेवू घालत होती. हॉटेलातल्या मुलाची खोली मालकाची, दोन वेळचं जेवणही मालकाचं. त्याने टिकायचं कशावर?

म्हणून पहिलं काम. आपल्यापैकी सहा-सात जण पंधरा दिवस कुठे राहू शकतील, हे आधी ठरवा. तुम्ही चिपळूणकडचे आहात. तुमच्या गावच्या मंडळाची लालबाग-परळला खोली अजून आहे का, ते गावातल्या जुन्या माणसांना विचारा. अशा कितीतरी गावकीच्या खोल्यांवर एके काळी गिरणीतले एकटे पुरुष राहिले. उत्तरेकडच्या किंवा बंगालच्या मुलांना ती सोय नसते. त्यांच्यासाठी धारावीत किंवा कोळीवाड्यात कॉट बेसिसवर, म्हणजे नुसत्या खाटेच्या भाड्यावर, दोन-तीन जागा बोलून ठेवा. साडेबाराला सुटणाऱ्याला शेवटची लोकल मिळेलच असं नाही, त्यामुळे नालासोपाऱ्याचा नातेवाईक इथे कामाचा नाही. जागा चालत जाण्याच्या अंतरावर हवी.

खोलीला दुसरीही बाजू आहे. १८ डिसेंबर २०१७ ला साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या दुकानाला पहाटे आग लागली. जिथे काम करत होते तिथेच माळ्यावर झोपलेले १२ कामगार गेले. तुमची चौदा जणांची खोली हॉटेलच्या वर किंवा मागे असेल, खाली सिलिंडर आणि तेलाचे डबे असतील, आणि बाहेर पडायला एकच जिना असेल, तर तक्रार त्याचीच पहिली करा. युनियन होवो न होवो, ती महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आणि अग्निशमन दलाकडे जायलाच हवी.

खोलीइतकीच घट्ट गाठ उचलीची, म्हणजे मालकाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांची. गावी बहिणीचं लग्न किंवा आईचं ऑपरेशन निघतं, मालक पन्नास हजार देतो, आणि मग दोन वर्षं मुलगा तोंड उघडत नाही. मालकाने वेळेला पैसे दिले याचा उपकार खरा असतो, तो मी नाकारत नाही. पण त्या उपकारापोटी तो ओव्हरटाइम मागत नाही, तेव्हा तो पैसा कितीतरी पटीने परत गेलेला असतो. याच मुंबईत याची वाट एकदा सापडली आहे. १९७५ मध्ये गिरणगावात प्रेमा पुरव यांनी खाणावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मोर्चाच्या आधी त्यांनी त्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, म्हणजे वाण्याची आणि सावकाराची उधारी सुटली. मी आता कुठल्याही नव्या ठिकाणी आधी भिशी सुरू करायला सांगतो. महिना पाचशे रुपये, चोवीस जण, महिन्याला बारा हजार. ज्याची उचल सगळ्यात जास्त टोचते त्याला पहिली. चार महिन्यांत तुम्हाला हेही कळतं की कोण वेळेवर देतो आणि कोण बोलून फिरतो. सह्या घेताना ती माहिती लाखमोलाची असते.

आता कागद. तुम्ही २४ जण आहात, पण मालकाच्या रजिस्टरात किती आहेत? माझा अनुभव सांगतो की बऱ्याच ठिकाणी तो आकडा नऊ असतो. नऊच का? कर्मचारी राज्य विमा म्हणजे ईएसआय दहा जणांपासून लागतो, ग्रॅच्युइटी दहापासून, भविष्य निर्वाह निधी वीसपासून. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याची मर्यादाही दहा होती. २०२५ मध्ये राज्य सरकारने ती वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे तुम्ही खरोखर २४ आहात हे सिद्ध करणं हा तुमच्या लढ्याचा पाया आहे.

पगार रोख मिळतो आणि नेमणूक पत्र नाही, म्हणून पुरावा नाही असं मुलांना वाटतं. शोधलं तर बराच सापडतो. किचनच्या भिंतीवर लागणारा ड्युटी चार्ट दर आठवड्याला फोटो काढून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मॅनेजर ‘उद्या ११ ला सगळे’ असं टाकतो तो मेसेज पुसू नका. अन्नसुरक्षेच्या नियमाप्रमाणे अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करावी लागते. त्या प्रमाणपत्रावर तुमचं आणि बऱ्याचदा हॉटेलचंही नाव असतं. परमिट रूम असेल तर उत्पादन शुल्क खात्याचा नोकरनामा, म्हणजे तिथे काम करणाऱ्याच्या नावाचा परवाना, बघा. केओटीवर, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, आणि बिलावर तुमचं नाव किंवा कोड छापून येतो, त्याचे महिन्याला चार-पाच फोटो पुरेत. शिवाय प्रत्येकाने साधी वही करावी : आलो किती वाजता, सुटलो किती वाजता. रोज, त्याच दिवशी, स्वतःच्या अक्षरात. वर्षाच्या शेवटी एका बैठकीत भरलेली वही समोरचा वकील दोन मिनिटांत ओळखतो. आणि एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. वेतन संहितेप्रमाणे पगार दिला नाही असा दावा झाला की दिला होता हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते.

तासांचा हिशेब करू. ११ ते ४ पाच तास, साडेसहा ते साडेबारा सहा तास. दिवसाचे ११, आठवड्याचे ७७. कायद्याचे ४८. म्हणजे २९ तास जादा, आणि जादा कामाला दुप्पट दर, तर आठवड्याला ५८ तासांचा पगार. तुमचा न मिळालेला ओव्हरटाइम मूळ पगारापेक्षा मोठा आहे! २०१७ च्या कायद्यात दिवसाचे ९ तास होते. २०२५ च्या बदलांत ते १० झाले आणि तीन महिन्यांतल्या जादा कामाची मर्यादा १२५ तासांवरून १४४ वर गेली. आठवड्याचे ४८ तसेच राहिले. मालक सांगेल की आता सरकारनेच तास वाढवलेत. त्याला १४४ चा आकडा सांगा, कारण तुमचं तीन महिन्यांचं जादा काम ३७७ तासांवर जातं. शिवाय ब्रेक शिफ्टमध्ये पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंतचा पसाराही मोजतात. तुमचा साडेतेरा तासांचा आहे, तो जुन्या नियमातही बसत नव्हता आणि नव्यातही बसत नाही. मधले अडीच तास विश्रांतीचे म्हणतात, पण त्या वेळात दादरला कोणी कुठे जाणार? मुलं टेबलं जोडून तिथेच झोपतात.

एवढं असून मी तुम्हाला पहिली मागणी ओव्हरटाइमची करू नका असं सांगेन. थकबाकीचा आकडा ऐकल्यावर मालक थेट वकिलाकडे जातो आणि मुलंही आतून घाबरतात. पहिली मागणी आठवड्याच्या सुट्टीची करा, आळीपाळीने. २४ जणांत रोज तीन-चार जण सुट्टीवर राहतील. सोमवार-मंगळवार धंदा मंद असतो तेव्हा थोडे जास्त, शनिवार-रविवारी कमी. मालकाला ती परवडते, भांडीवाल्यापासून कॅप्टनपर्यंत सगळ्यांना मिळते, आणि मिळाल्याच्या पहिल्याच आठवड्यात माणसं बदलतात. एका मुलाने मला सांगितलं होतं की चार वर्षांत पहिल्यांदा त्याने दिवसाउजेडी समुद्र पाहिला. तो वरळीत काम करत होता.

सर्व्हिस चार्जच्या मागे मात्र लागू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो बिलात आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई कायम ठेवली. गिऱ्हाईक तो कधीही काढायला लावू शकतं. जे पैसे उद्या बंद होऊ शकतात त्यांचा वाटा मागण्यापेक्षा मूळ पगार किमान वेतन आणि दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या विशेष भत्त्याप्रमाणे आहे का, ते तपासून घ्या.

टिपचं वेगळं, आणि इथे मला जरा थांबायचं आहे, कारण माझ्या मते हॉटेलातली युनियन टिकते किंवा फुटते ती टिपच्या डब्यावर. तुम्ही लिहिलंत की ‘किचनवाले साथ देत नाहीत, वस्तादाचं मालकाशी जमतं’. वस्ताद म्हणजे मुख्य आचारी. तुमच्याकडे टिप कशी वाटतात ते तुम्ही लिहिलं नाही, पण साधारण कुठेही असं असतं की ती वेटर आणि कॅप्टन वाटून घेतात. तंदूरवर पन्नास डिग्रीत उभा असलेला मुलगा, मोरीत सहा तास पाण्यात हात घालून बसलेला माणूस, भाजी निवडायला येणारी मावशी, यांना काही नाही. वर ऑनलाइन ऑर्डरी सुरू झाल्यापासून किचनचं काम वाढलं, आणि त्या ऑर्डरींवर तर टिपचा प्रश्नच नाही. मग त्यांनी तुमच्यासाठी नोकरी का पणाला लावावी? तुम्ही त्यांच्या दृष्टीने दुसरे मालकच.

मी एका ठिकाणी मुलांना सांगितलं, मालकाकडे जायच्या आधी डबा एकच करा. रोज रात्री सगळ्यांसमोर मोजायचा, वहीत लिहायचा, दर सोमवारी वाटायचा. वेटरला दोन हिस्से, किचन आणि मोरीला प्रत्येकी एक. वेटर चिडले, दोघं म्हणाले आम्ही नाही टाकणार. महिनाभर रोज रात्री भांडण. मग एका शनिवारी मोरीवाल्याने स्वतःहून ग्लास आधी धुऊन काउंटरवर लावून ठेवले, कारण टेबल लवकर सुटलं तर डब्यात त्याचेही पैसे पडणार होते. तिथून हवा बदलली. सहा महिन्यांनी मालकासमोर बसलो तेव्हा सगळ्यात आधी बोलायला उठला तो वस्ताद. आता गिऱ्हाईक टिपही क्यूआरवर टाकतं आणि ती मालकाच्या खात्यात जाते. त्याची रोजची यादी मागणं ही तुमची दुसरी मागणी असू द्या. ते पैसे गिऱ्हाइकाने तुमच्यासाठीच दिलेले आहेत.

भाजलेल्या हेल्परच्या हक्काचं काम मात्र कशासाठीही थांबवू नका. त्याची ईएसआय नोंदणी आहे का ते आजच विचारा. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेला प्रत्येक जण त्यात येतो. कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के; १८ हजार पगारावर मुलाचे १३५ रुपये आणि मालकाचे ५८५. कामावर झालेल्या दुखापतीला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे, आणि तात्पुरतं अपंगत्व आलं तर पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळतो. उपचाराला परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय तुम्हाला जवळ आहे. केसपेपरवर ‘कामावर असताना तेल उडून’ असं लिहून घ्या. ‘घरी भाजलं’ असं लिहिलं गेलं तर पुढचं सगळं अवघड होतं. दहा जणांच्या वरच्या हॉटेलने नोंदणी केली नसेल तर ईएसआयकडे तक्रार करा. मालकाची चूक असली तरी कामगाराचा हक्क जात नाही.

दंडाचंही एक सांगतो, कारण तुमच्याकडे ते असणारच. फुटलेला ग्लास, बिल न देता पळालेलं टेबल, हे वेटरच्या पगारातून कापतात. दंड महिन्याच्या पगाराच्या तीन टक्क्यांवर जाऊ शकत नाही आणि आधी म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. पळालेलं गिऱ्हाईक ही वेटरची चूक नव्हे.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही कॅप्टन आहात, म्हणून मालकाचा वकील तुम्हाला सुपरवायझर ठरवायला बघेल. देखरेखीचं काम आणि पगार १८ हजारांच्या वर असेल तर नव्या संहितेत तुम्ही ‘कामगार’ या व्याख्येबाहेर जाता. पण हुद्द्याच्या नावाने काही ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता त्यावर ठरतं. तुम्ही ऑर्डर घेता, सर्व्ह करता, टेबल लावता. सुट्टी मंजूर करणं किंवा कोणाला काढणं तुमच्या हातात नाही. हे तुमच्या वहीत आणि केओटीवर दिसू द्या. आणि एकटे पुढे होऊ नका. समितीत दोन किचनमधले, एक मोरीतला, दोन वेटर असे असू द्या.

स्वतःची नवी युनियन काढावी की चालू युनियनमध्ये जावं? २४ जणांसाठी मी दुसरी वाट सांगेन. नोंदणी, वार्षिक विवरण, कोर्टाच्या तारखा, हे साडेबाराला सुटणाऱ्या माणसाच्या आवाक्यातलं नाही. पण निवडताना नोंदणी क्रमांक विचारा, वर्गणीची पावती मागा, आणि आधी ज्या हॉटेलात त्यांनी करार केला तिथल्या वेटरला जाऊन भेटा. जो पुढारी पहिल्याच भेटीत ‘सेटलमेंटमधले किती टक्के’ असं विचारतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. आमच्या क्षेत्रात तोडपाणी करणारे आहेत, आणि त्यांनी या मुलांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं काही मालकांनीही केलं नसेल.

हे सगळं तुमच्यासारख्या २४ जणांच्या हॉटेलचं झालं. सहा जणांची खाणावळ असेल, मालकीणबाई स्वतः पहाटेपासून चुलीपुढे असतील, तर मी पत्र पाठवायला सांगणार नाही. समोर बसून सुट्टीचं बोला. भाडं आणि डिलिव्हरी अ‍ॅपचं कमिशन यांत छोट्यांचं खरंच हातातोंडाशी असतं.

एक धोका टाळा. चिडून शनिवारी सगळ्यांनी एकदम खाडा करू नका. नव्या संहितेत निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा घेणं हाही संप धरला जातो, आणि संपाला १४ दिवस आधी नोटीस लागते. बेकायदा ठरलात तर मालकाला आयतं कारण मिळतं.

आणि तरी काढलंच तर? त्या रात्री कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर सही करू नका, ‘हिशेब घे’ म्हणाले तरी. दुसऱ्या दिवशी ११ वाजता कामावर जा, आत घेतलं नाही तर दारातूनच मॅनेजरला मेसेज टाका की मी कामावर आलो होतो, मला आत घेतलं नाही. काढलेल्या माणसाचा झालेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागतो, तो लेखी मागा. युनियनमध्ये आहे म्हणून छळणं किंवा काढणं ही महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्यापासून अनुचित कामगार प्रथा आहे आणि औद्योगिक संबंध संहितेतही आहे. १९७१ च्या कायद्याखाली तक्रारीला ९० दिवस असतात, ते गावी जाऊन घालवू नका. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात अर्ज द्या आणि शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय निघू नका. वकिलाला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगाराला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आणि त्या रात्री झोपायची जागा आधीच ठरलेली असू द्या, तिची चावी तुमच्या खिशात असू द्या.